माणसाळलेलं भूत

(सावधान: पुढे २०२३च्या सिनेमाचा शेवट सांगितलेला आहे.)

जपानी टीव्हीवर एकच भूत सहा वेळा नव्याने जन्माला आलंय. १९६८, १९७१, १९८५, १९९६, २००७ आणि २०१८. म्हणजे साधारण प्रत्येक पिढीला तिचा तिचा कितारो मिळाला. डावा डोळा केसांखाली झाकलेला, अंगात पट्ट्यापट्ट्यांची बंडी, पायात लाकडी खडावा. केसांत त्याचा बाप राहतो. बाप म्हणजे फक्त एक डोळा. त्याला हातपाय फुटलेत आणि तो वाटीभर गरम पाण्यात बसून आंघोळ करतो. शिगेरू मिझुकी या मांगाकाराची ही मालिका, 'गेगेगे नो कितारो'. आज आपण मोबाईलवर जे भुताखेतांचे ॲनिमे बघतो, त्यातल्या बऱ्याच 'योकाई' मंडळींना त्यांचा ओळखीचा चेहरा मिझुकीच्या पेनाने दिलेला आहे.

एवढ्या वेळा रूपांतर झालेल्या कलाकृतीबद्दल पहिला प्रश्न हमखास हाच येतो की मूळाशी इमान कुणी राखलं. कितारोच्या बाबतीत मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: दर वेळी नव्याने बनवताना या भुतातलं काय कापून टाकलं गेलं?

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. कितारो मिझुकीने शून्यातून घडवला नाही. 'कामिशिबाई' हा रस्त्यावरच्या चित्रकथेचा प्रकार होता. कथेकरी सायकलवरून यायचा, मुलांना गोळ्या विकायचा आणि लाकडी चौकटीत एकामागून एक चित्रं सरकवत गोष्ट सांगायचा. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथीचा हा दूरचा नातेवाईक म्हणा. त्यात १९३०च्या दशकात स्मशानातल्या कितारोची एक गोष्ट लोकप्रिय होती. तिच्या मुळाशी एक जुनी लोककथा: मेलेली आई रोज रात्री बाळासाठी खाऊ विकत घ्यायला येते. मिझुकीने १९५४मध्ये कामिशिबाईसाठी हे पात्र हाती घेतलं आणि १९६०मध्ये भाड्याने मिळणाऱ्या स्वस्त पुस्तकांत त्याची स्वतःची 'हाकाबा कितारो', म्हणजे 'स्मशानातला कितारो', सुरू केली.

त्या पहिल्या गोष्टीत रक्तपेढीत काम करणारा एक माणूस आहे. रुग्णाला दिलेल्या रक्तात भुताचं रक्त आलंय, हे कळल्यावर तो माग काढत एका पडक्या देवळात राहणाऱ्या जोडप्यापर्यंत पोचतो. ती दोघं भूत-जमातीतली शेवटची. दोघंही मरतात. पुरलेल्या आईच्या पोटातून बाळ जमीन उकरून बाहेर येतं. घाबरलेला माणूस त्याला भिरकावून देतो, बाळ थडग्यावर आपटतं आणि त्याचा डावा डोळा जातो. पुढे हाच माणूस त्याला घरी नेऊन वाढवतो. या माणसाचं नाव आहे मिझुकी.

इथे जरा थांबायला हवं. लेखकाने स्वतःचं (टोपण का होईना) नाव बाळाला वाचवणाऱ्या माणसाला दिलंय, आणि त्याच माणसाच्या हातून बाळाचा डोळाही घालवलाय. लेखकाला स्वतःला डावा हात नव्हता. दुसऱ्या महायुद्धात त्याला पॅसिफिकमधल्या न्यू ब्रिटन बेटावर, राबाउलला पाठवलं होतं. त्याच्या तुकडीवर हल्ला झाला. तो जंगलातून एकटा जीव वाचवून परतला, तर जिवंत का आलास म्हणून त्यालाच बोलणी खावी लागली. नंतर मलेरियाने पडलेला असताना बॉम्बहल्ल्यात हात गेला. त्याने आयुष्यभर काढलेली भुतं ही राहिलेल्या उजव्या हाताने काढलेली आहेत.

त्या जंगलातून पळताना अंधारात आपल्यापुढे एक अदृश्य भिंत उभी राहिली होती, असं तो पुढे सांगायचा. जपानी लोककथांत अशा भिंतीला 'नुरीकाबे' म्हणतात. कितारोच्या मालिकेत नुरीकाबे हा त्याचा लाडका मित्र आहे: डोळे-पाय असलेली, मवाळ, मोठ्ठी भिंत. ज्या गोष्टीने एका पळणाऱ्या पोराची वाट अडवली, ती लहान मुलांची खेळणी होऊन बसली. मिझुकीच्या भुतांचा सगळा प्रवास या एका भिंतीत दिसतो.

माणसाळण्याची सुरुवात नावापासून झाली. 'स्मशान' हा शब्द टीव्हीच्या प्रायोजकांना नको होता, म्हणून 'गेगेगे' आलं. हा शब्द मिझुकीच्या लहानपणीच्या नावावरून घेतलेला. त्याला शिगेरू म्हणता यायचं नाही, 'गेगे' म्हणायचा. टीव्हीवरचा कितारो माणसांच्या मदतीला धावू लागला. १९८५च्या मालिकेत तो सरळ न्यायाचा नायक झाला. २०१८मध्ये नेको-मुसुमे ही मांजरमुलगी, जी मुळात बसकी आणि भेसूर, ती उंच, सडपातळ, मॉडेलसारखी झाली. मला याचा राग येत नाही. जुन्या कितारोत दिवसभर पडून राहण्याचं जे सुख होतं, ते मुलांपर्यंत पोचलं ते टीव्हीमुळेच. आणि १९६८मध्ये कितारोला आवाज देणाऱ्या मासाको नोझावा यांनी २०१८मध्ये त्याच्या बापाला, त्या डोळ्याला, आवाज दिला. लेकाचा आवाज पन्नास वर्षांनी बापाचा होतो, असा योग किती मालिकांच्या नशिबी येतो?

पण जे कापलं गेलं, ते २००८च्या ११ भागांच्या 'हाकाबा कितारो'मध्ये बघायला मिळतं. रात्री उशिरा दाखवलेली ही मालिका भाड्याच्या पुस्तकांकडे परत जाते. इथला कितारो सिगारेट ओढतो, माणसांची फजिती बघून हसतो, कुणाचंही भलं करण्याची त्याला घाई नाही. आवाज पुन्हा नोझावांचाच. नायकाचा तोच गळा इथे कुजकट हसताना ऐकला की अंगावर काटा येतो. या कितारोचं माणसांशी काहीच देणंघेणं नाही, कारण माणसांनीच त्याच्या जमातीला संपवलंय.

मग २०२३चा सिनेमा येतो, 'कितारोचा जन्म: गेगेगेचं गूढ'. दिग्दर्शक गो कोगा. मिझुकीच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने तोएई ॲनिमेशनने बनवलेला. काळ १९५६. रक्तपेढीतला मिझुकी इथे दक्षिणेच्या आघाडीवरून, मरण्याच्या हुकुमातून वाचून आलेला सैनिक आहे. वर चढायचं, पुन्हा कुणाच्या पायाखाली यायचं नाही, एवढंच त्याला कळतं. एका धनाढ्य घराण्याच्या गावात तो 'एम' नावाच्या औषधाचं गुपित शोधायला जातो आणि तिथे हरवलेल्या बायकोला शोधणारा कितारोचा बाप त्याला भेटतो. एम हे औषध भूत-जमातीच्या रक्तापासून बनतं. ते युद्धात सैनिकांना दिलं, की ते थकत नसत. आता शांततेच्या काळात ते कामगारांना द्यायचं, म्हणजे देश थकणार नाही.

ही कल्पना मला या सगळ्या रूपांतरांतली सर्वांत धारदार वाटते. रक्तपेढीच्या एका साध्या तपशिलातून सिनेमा युद्ध आणि आर्थिक भरभराट यांना एकाच नळीने जोडतो. त्यात पात्रं तोंड भरून भाषण देत नाहीत. ट्रेनच्या डब्यात सगळे धूर सोडत बसलेत आणि एक लहान मूल खोकतंय, एवढं दृश्य पुरतं.

तरीही दोन गोष्टी मला खटकतात. एक, सिनेमातलं दुःख जपानच्या सीमेच्या आतच राहतं. मिझुकीचं १९७३चं युद्धावरचं पुस्तक, ज्यात त्याचा स्वतःचा अनुभव आहे, ते सुरू होतं सैन्याच्या वेश्यागृहाबाहेरच्या रांगेपासून. तिथे सैनिक बळीही आहे आणि रांगेत उभा असलेला गिऱ्हाईकही. सिनेमातला मिझुकी फक्त बळी आहे.

दुसरी गोष्ट शेवटाची. श्रेयनामावली संपल्यावर आपण पुन्हा स्मशानात येतो. मिझुकीची स्मृती गेलेली. बाळ जमिनीतून येतं. तो त्याला आपटायला उचलतो, थबकतो, आणि छातीशी धरतो. थिएटरमधल्या कुणालाही रडू येईल असं हे दृश्य आहे, आणि सिनेमाने ते दोन तास कष्टाने कमावलंय. पण त्या क्षणी मूळ पानावर एका भल्या, भेदरलेल्या माणसाने एका बाळाचा डोळा फोडला होता. तो दुष्ट नव्हता. घाबरला होता. आणि नंतर त्यानेच त्या पोराला जेवू घातलं. मारणारा आणि वाढवणारा हात एकच, हे मिझुकीला १९६०मध्ये, युद्धाला १५ वर्षं झाली असताना, एका स्वस्त पुस्तकात सांगावंसं वाटलं. सिनेमाने त्यातला मारणारा हात वेळेवर थांबवला.

भुताला माणसाळवणं सोपं आहे. त्याला मित्र करायचं, सुंदर करायचं, त्याच्या वतीने रडायचं. पिंडाला कावळा शिवला की आपण सुटलो, असं समजून घरी जायचं. कितारोचा झाकलेला डोळा मात्र सहाही मालिकांत झाकलेलाच राहिलाय. तो कुणी उघडला नाही, बरा केला नाही. सिनेमा बघून भारावला असाल तर २००८ची मालिका शोधा, पहिला भाग लावा. केसांखाली काय आहे आणि ते कुणी केलं, याचा हिशेब तिथे सुरू होतो.