पोस्टरावर कोण केवढा?

सिनेमाला तिकीट लागतं. पोस्टर फुकट असतं. म्हणून आपल्या वस्तीतली कैक माणसं सिनेमा न बघताच बघून मोकळी झालेली असतात. समीक्षक मंडळी आतल्या सिनेमावर रकाने भरतात, पण भिंतीवरच्या या फुकटच्या कागदाकडं त्यांचं लक्ष नसतं. आपलं असायला पाहिजे.

पोस्टर वाचायला कॉलेज लागत नाही. मापं बघायची. नायकाचं तोंड सगळ्यात मोठं, नायिकेचं त्याच्या खांद्याशी, खलनायक कोपऱ्यात, हिरवा-निळा करून. आणि पार तळाला पळणारी गर्दी, मुंगीएवढी. त्या मुंग्यांत आपण. हातानं रंगवायचे त्या काळात पेंटर फोटोवर चौकोन पाडून तोंड वाढवायचे आणि वर लाल-केशरी रंगाचे जाड फटकारे मारायचे. चालत्या बसमधनं सुद्धा गडी ओळखू आला पाहिजे, हा हिशोब. काम सोपं नव्हतं. एम. एफ. हुसेन सुरवातीला मुंबईत असलीच होर्डिंगं रंगवून पोट भरत होते. 'दीवार' (१९७५) चं पोस्टर करणाऱ्या दिवाकर करकरेंचं नाव तरी राहिलं. बाकीच्या हातांची नावं कुठं? फ्लेक्स आला आणि ते हातही कामावरनं गेले.

आता 'मदर इंडिया' (१९५७) घ्या. खांद्यावर नांगर पेलणारी नर्गिस. तापलेलं आभाळ, चिखलानं माखलेलं अंग, वेदनेनं ताणलेला चेहरा. चित्र जबरदस्त आहे, ते मी नाकारत नाही. कष्टणारी बाई एवढी मोठी करून भिंतीवर कुणी लावली होती? पण दोस्तहो, नांगर पेलायला आधी जमीन लागते. आमच्या आजीच्या खांद्यावर नांगर कधी आलाच नाही. तिच्या हातात खुरपं, तेही दुसऱ्याच्या बांधावर. शिवाय सिनेमात जमीन गिळणारा सुखीलाला सावकार आहे, आणि लोकांच्या डोळ्यात बसलेल्या त्या चित्रात तो नाही. नुसतं ओझं दिसतं. ओझं कुणी लादलं ते तिकीट काढल्यावर.

'अछूत कन्या' (१९३६) आणि 'सुजाता' (१९५९) यांचं थोडक्यात सांगतो. एकीत देविकाराणी, दुसरीत नूतन. दुःख आमचं, तोंड त्यांचं.

मग पा. रंजितचा 'काला' आला, २०१८ ला. त्याचं पोस्टर वर्षभर आधीच लागलं होतं. काळ्या कपड्यातला रजनीकांत जीपवर ऐसपैस बसलाय, शेजारी रस्त्यावरचं कुत्रं. गर्दीनं रजनी बघितला आणि शिट्ट्या मारल्या. आपल्या पोरांनी जीपची नंबरप्लेट वाचली : एमएच ०१ बीआर १९५६. भीमराव रामजी, आणि दीक्षेचं साल. महापरिनिर्वाणाचंही तेच. ज्याला कळायचं त्याला कळलं. धंद्याच्या कागदावर एवढी जागा काढणं ही हिंमत आहे. तरी माझी कुरकूर आहेच. तोंड हिरोचं, आणि बाबासाहेब नंबरप्लेटीएवढे!

पण ही कुरकूर करताना आपल्या नाक्यावरचं १४ एप्रिलचं फ्लेक्स बघा. मधोमध भाऊ, काळा गॉगल, हात जोडलेले. मागं सूर्याची किरणं, सिनेमातनं उचललेली. खाली शुभेच्छुकांची डोकी, ज्याची जेवढी वर्गणी तेवढं डोकं. बाबासाहेब वर डाव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे. सिनेमावाल्यानं निदान त्यांचं नाव गाडीला पुढं तरी लावलं होतं. आपण जयंती त्यांची करतो आणि पोस्टर भाऊचं छापतो. वर्गणी आपली, फ्लेक्स आपलं, छापायला देणारंही आपलंच पोरगं. त्याला माप कुणी सांगितलं, हे पुढच्या मीटिंगमध्ये विचारायचंय. भाऊ समोर बसलेले असताना.