आमच्या प्रवासवर्णनांतील उपाशी हिमालय

मराठी प्रवासवर्णनाला हिमालयाचे वेड आहे, हे कोणी नाकारणार नाही. दिवाळी अंक चाळावेत, ग्रंथालयातील प्रवासाचे कपाट उघडावे. सिमला, कुलू, मनाली, रोहतांग ही नावे हटकून भेटतात. देवदारांची दाटी, बियासचा खळखळाट, कोवळ्या उन्हात सोनेरी होणारे शिखर आणि त्या शिखरापुढे लेखकास झालेली स्वतःच्या क्षुद्रत्वाची जाणीव, हा क्रम आता इतका ठरून गेला आहे की शिखर दिसण्यापूर्वीच त्या जाणिवेची चाहूल लागते. या लेखनात भाषेचे सौष्ठव नाही असे नाही. निरीक्षणही पुष्कळदा असते. परंतु त्यात एक उणीव आहे व ती मला केवळ तपशिलाची न वाटता वाङ्मयीन वाटते. या हिमालयात कोणी जेवत नाही.

चहा मात्र पितात. थंडीने गारठलेली बोटे पेल्याभोवती धरून घेतलेला वाफाळता चहा ही आमच्या हिमालयीन गद्यातील जवळजवळ एकमेव खाद्यविषयक घटना होय. दुपारी काय खाल्ले, कोणी रांधले, कशात वाढले, शेजारी कोण बसले होते, याविषयी लेखक मौन पाळतो. केंद्र सरकारच्या नोकरांना जी रजा-प्रवास सवलत मिळते तीत भाड्याची भरपाई होते, जेवणाची होत नाही. आमच्या प्रवासवर्णनांनीही हाच नियम स्वीकारला आहे की काय, असे कधी कधी वाटते.

या मौनाचे एक कारण उघड आहे. उन्हाळी सुटीत डोंगराकडे जाणारा मराठी प्रवासी बहुधा यात्रा-कंपनीबरोबर जातो आणि कंपनी आपला आचारी बरोबर नेते. मनालीच्या हॉटेलात रात्री पिठले-भाकरी, परतताना एखाद्या मुक्कामी श्रीखंड-पुरी, ही त्या सहलीची भूषणे म्हणून जाहिरातीत छापली जातात. याची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. सत्तर वर्षांच्या आजीबाईंना दहा हजार फुटांवर मऊ भात मिळतो ही लहान सोय नव्हे, आणि तिच्यामुळेच हजारो कुटुंबे त्या पर्वतापर्यंत पोहोचली. पण प्रवाशाची सोय ही लेखकाची सोय होऊ लागली की घोटाळा होतो. दिवसभर डोळ्यांनी हिमालय पाहावा आणि जेवणाच्या वेळी सदाशिव पेठेत परतावे, असा ज्याचा दिनक्रम आहे त्याच्या वर्णनात माणसे कोठून यावीत? खिडकीतून दिसतात तेवढीच ती येतात : पाठीवर ओझे घेतलेली, गुलाबी गालांची, आणि नेहमी ‘भाबडी’.

हिमाचलातील ‘धाम’ हे उदाहरण घ्या. लग्नात अथवा देवकार्यात गावाला घालावयाचे हे जेवण. उन्हाळ्यात लग्ने असतात, त्यामुळे मे महिन्यातल्या प्रवाशाला ते दृष्टीस पडणे कठीण नाही. जमिनीत लांबट चर खणून त्यात लाकडे पेटवितात. वर गोल बुडाची, निमुळत्या तोंडाची पितळी भांडी ओळीने चढतात. रांधणारे ते ‘बोटी’, म्हणजे परंपरेने हे काम करणारे ब्राह्मण आचारी. घरच्या स्त्रियांचा या रांधण्याशी संबंध नसतो. कांदा-लसूण वर्ज्य. मंडळी जमिनीवर रांगेने बसतात. पुढे टौर नावाच्या वेलीच्या पानांच्या पत्रावळी. भात, त्यावर दह्यात मंद आचेवर शिजविलेल्या हरभऱ्याचे अथवा राजम्याचे ‘मदरे’, मग उडदाचे ‘माह’, मग आंबट ‘खट्टा’, आणि शेवटी गोड. हा झाला कांगड्याकडील क्रम. मंडीस गेलात तर गोड बुंदी आधी येते, सेपू बडी हा तेथील मानाचा पदार्थ आणि शेवट ताकाच्या ‘झोला’ने होतो. चंबा, कुलू, बिलासपूर यांची आपापली तऱ्हा निराळी. एका खोऱ्यातून दुसऱ्यात गेले की पंगतीचा क्रम पालटतो. पूर्वी ही एकेक स्वतंत्र संस्थाने होती व मध्ये डोंगर आडवे होते, याची खूण नकाशापेक्षा या पत्रावळीवर अधिक स्पष्ट उमटलेली आहे. १९४८ साली हिमाचल प्रदेश अस्तित्वात आला, १९६६ साली कांगडा, कुलू आदी भाग पंजाबातून त्याला जोडले गेले, १९७१ साली त्यास राज्याचा दर्जा मिळाला; पंगती मात्र अजून आपापल्या खोऱ्याच्याच आहेत.

हे सारे मराठी वाचकास परके कसे वाटेल? पत्रावळ, सोवळ्यातील आचारी, वाढण्याचा ठरलेला क्रम, गावजेवण, यांतील एकेक गोष्ट त्याच्या आजोळी होती. ज्या ठिकाणी तुलना आपणहून उभी राहते, नेमके तेच ठिकाण आमचा लेखक टाळतो आणि जेथे तुलनेस काही आधार नाही अशा धुक्याला मात्र चार चार उपमा देतो! आणि तुलना केली तर ती गोडच निघेल असेही नाही. बोटी ब्राह्मणच असावा या आग्रहामागे जी व्यवस्था आहे तिला पंक्तिभेदाची दुसरी बाजू आहे. कोण कोणाच्या हातचे खातो, कोण कोणत्या रांगेत बसतो, हा प्रश्न आपल्याकडील गावजेवणाइतकाच तेथेही जुना आहे. ज्याने ती पंगत पाहिली त्याला डोंगरातील माणूस ‘भाबडा’ असे लिहिणे जड जाईल. तो माणूस आपल्यासारखाच गुंतागुंतीचा, आपल्यासारखाच मानी आणि आपल्यासारखाच अन्यायीही आहे, हे त्याला कळलेले असेल.

‘सिड्डू’ची गोष्ट याहून साधी. आंबविलेल्या कणकेत खसखस, अक्रोड किंवा उडीद भरून तो वाफेवर उकडतात आणि वर तुपाची धार सोडतात. उकडीच्या मोदकाच्या प्रदेशातून आलेल्या माणसाने हा पदार्थ पाहून काहीच लिहू नये, याचे मला नवल वाटते. वाफेवर उकडलेले, आत सारण, वर तूप : कोकणचा हात आणि कुलूचा हात येथे किती जवळ येतात! फक्त तेथे तांदळाच्या जागी गहू आणि नारळाच्या जागी अक्रोड.

उन्हाळ्यातील फळांविषयीही असेच. हिमाचल म्हणजे सफरचंद, हे समीकरण आपण पाठ केलेले आहे. वस्तुतः मे महिन्यात बागेतील सफरचंदे लहान व हिरवी असतात. तोडणीचा हंगाम जुलैनंतरचा. शिवाय आज ज्या लाल सफरचंदासाठी हा प्रदेश ओळखला जातो ते तेथील आदिफळही नव्हे. सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकेतून आलेल्या व पुढे हिंदू होऊन सत्यानंद झालेल्या गृहस्थांनी १९१६ साली कोटगढ येथे त्या जातीची लागवड केली, तेव्हापासूनचा हा इतिहास. डोंगराचे स्वतःचे उन्हाळी फळ निराळे आहे. मे-जूनमध्ये सिमला, मंडी या बाजूंच्या रस्त्यांवर खेड्यांतील बाया-मुले टोपल्यांतून बारीक, तांबडी, आंबटगोड फळे विकतात. मीठ लावून ती खावयाची. हे ‘काफल’. तोडल्यावर ते फार टिकत नाही, म्हणून मुंबई-पुण्याच्या बाजारात दिसत नाही. आता गंमत अशी की याच झाडाची साल आमच्या काष्ठौषधीच्या दुकानात पिढ्यान्‌पिढ्या विकली जाते. तिचे नाव कायफळ. तिची पूड हुंगून शिंका काढण्याचा उपाय जुन्या घरांत सर्वांना ठाऊक होता. म्हणजे हिमालयातील एका झाडाची साल आपल्या आजीच्या बटव्यात होती आणि त्याचे फळ तिच्या नातवाने मोटारीच्या काचेतून पाहिले. पण कायफळ आणि काफल एकच, हे सांगावयास आमचे प्रवासवर्णन उपयोगी पडले नाही.

सिमल्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे सांगण्यासारखे या बाबतीत थोडेच आहे. १८६४ पासून उन्हाळी राजधानी झालेले ते गाव म्हणजे डोंगरावर चढविलेले एक कार्यालय होते. १९०३ साली कालक्याहून ९६ किलोमीटरांची छोटी आगगाडी वर गेली ती मुख्यतः याच कार्यालयासाठी. मॉल रस्त्यावरील केक-बिस्किटांची चव ही त्या डोंगराची चव नव्हे. ती साहेबाच्या घरच्या आठवणीची चव आहे. साहेबाने आपले जेवण वर नेले म्हणून आपण हसतो. आपले पिठलेही त्याच वाटेने वर गेले आहे.

जुन्या प्रवाशांस हे टाळणे शक्यच नव्हते. शेजारच्या गढवालातील बद्री-केदारच्या वाटेवर चट्ट्या असत. चट्टीवरील दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप विकत घेतले की भांडी व रात्रीचा आसरा तो फुकट देई. अशा व्यवस्थेत भूक, पैसा आणि परिचय हे एकाच चुलीपाशी गोळा होत. मोटाररस्ते झाले, चट्ट्या ओसरल्या आणि ही सक्तीची ओळख संपली. २०२० साली रोहतांगखालील बोगदा खुला झाल्यापासून तर मनालीत न्याहारी करून लाहूल पाहून पुन्हा रात्रीच्या जेवणास मनालीत येता येते. लाहूलमध्ये कोणाच्या घरी भाकर मागण्याची वेळच येत नाही. काका कालेलकर १९१२ साली हिमालयात पायी हिंडले. साताऱ्यास जन्मलेल्या या मराठी माणसाने तो प्रवास मुळात गुजरातीत लिहिला, ही आपल्याला थोडी बोचावी अशी गोष्ट आहे. आणि दक्षिणेच्या आशेने १८५७ च्या धामधुमीत उत्तरेस गेलेले गोडसे भटजी हिमालयात गेले नसतील, पण भोजन, दक्षिणा आणि मुक्काम लिहिण्याची त्यांना लाज वाटली नाही. म्हणूनच त्यांचा ‘माझा प्रवास’ आजही जिवंत वाटतो. त्यांच्या नंतरच्या पिढ्यांना शिक्षण मिळाले आणि पोटाविषयी लिहिणे असंस्कृत ठरले.

यावर आक्षेप येईल की पाककृती सांगणे हे साहित्याचे काम नव्हे. मान्य आहे. पाककृती मी मागतच नाही. अलीकडे काही लेखनात ‘येथे हे अवश्य खा’ अशा याद्या येऊ लागल्या आहेत. त्यांनी तर जुन्या मौनापेक्षाही कमी काम केले आहे, कारण यादीत पदार्थ येतो आणि माणूस गळतो. मला हवे आहे ते एवढेच की वाढणाऱ्या हाताला चेहरा असावा आणि जेवणाऱ्या लेखकाने आपण कोणाचे पाहुणे आहोत हे विसरू नये. बंगालीत असे लेखन मान्यता पावले आहे. उमाप्रसाद मुखोपाध्याय यांच्या ‘मणिमहेश’ या चंब्याकडील यात्रेच्या प्रवासवर्णनास १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हिमाचलातील एका सरोवराची वाट बंगालीत अकादमीपर्यंत गेली आणि मराठीत ती सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेतच राहिली.

या मासिकाचे पुष्कळ वाचक त्या बाजूस बदलीवर आहेत किंवा होते. त्यांची स्थिती यात्रा-कंपनीच्या प्रवाशाहून भिन्न आहे. तीन-तीन वर्षे एका खोऱ्यात काढणारा लेखापाल, डाकघरातील अधिकारी, सर्वेक्षण खात्यातील मनुष्य, यांना कार्यालयातील शिपायाच्या मुलीच्या लग्नाचे आमंत्रण येते व ते तेथे पत्रावळीवर बसतात. गेल्या काही वर्षांत बोटींना बोलावण्याऐवजी शहरातील केटररला सांगण्याची पद्धत कोठे शिरली आहे आणि पत्रावळीच्या जागी कागदी ताटली कोठे आली आहे, हे त्यांना माहीत आहे. घरच्या पत्रांत ते हे लिहीतही असतील. संपादकांकडे लेख पाठविताना मात्र तेच हात देवदार आणि धुके लिहू लागतात. पुढच्या उन्हाळी अंकासाठी जे लेख येतील त्यांत निदान एकाने तरी शिखराचे वर्णन दोन ओळींत आटोपून त्या लग्नात आपल्याला कोणत्या रांगेत बसविले, शेजारी कोण होते आणि शिपाई स्वतः कोठे जेवला, हे सविस्तर लिहावे.