साथीची बातमी आणि तिचा वाचक

निवडणुकीची बातमी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता येते. आजाराची बातमी वाचून मात्र माणूस त्याच दिवशी औषध घेतो, गाव सोडतो किंवा दवाखान्यात जायचे टाळतो. म्हणून अशा बातमीची तपासणी अधिक कडकपणे व्हायला हवी, असे आम्हांला वाटते.

१९९४ चे उदाहरण घेऊ. ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली आणि लाखो लोक शहर सोडून निघाले. सुरतेहून मुंबईकडे येणाऱ्या गाड्या डहाणू रोडवरूनच जातात. अंतर सुमारे १४० किलोमीटर. धाकटी डहाणूसारख्या मच्छिमारांच्या गावाला अशा वेळी एकच गोष्ट हवी असते : गाडीतून उतरलेल्या माणसापासून आपल्याला धोका आहे काय, आणि असल्यास करायचे काय?

त्या वेळच्या बऱ्याच बातम्यांत याचे उत्तर सापडत नव्हते. पहिला दोष आकड्यांचा. मृतांची संख्या शेकड्यांनी छापली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत पुढे सर्व मिळून ८७६ संभाव्य रुग्ण आणि ५४ मृत्यू आहेत. 'संशयित' आणि 'तपासणीत सिद्ध झालेला' हा फरक बातमीत पुसला गेला की आकडा फुगतो.

दुसरा दोष 'प्लेग' हा एकच शब्द सरसकट वापरण्याचा. गाठीचा प्लेग मुख्यतः उंदरांवरील पिसवांच्या चाव्यातून होतो. फुप्फुसाचा प्लेग रुग्णाच्या खोकल्यातील तुषारांतून, जवळच्या सहवासात पसरतो. दोन्हींची खबरदारी वेगळी.

तिसरा दोष औषधाचा. टेट्रासायक्लिनचे नाव सर्वतोमुखी झाले आणि दुकानांतून ते संपले. प्रतिबंधासाठी ते रुग्णाच्या निकट सहवासात आलेल्यांनाच, डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायचे असते. आठ वर्षांखालील मुलांना दिल्यास दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडू शकतात. गरोदर स्त्रियांनाही ते सहसा देत नाहीत. औषधाच्या नावाबरोबर एवढ्या दोन ओळी छापायला किती जागा लागली असती?

याचा अर्थ वृत्तपत्रांनी गप्प बसावे असा नाही. सुरतेतील साचलेला कचरा आणि तुंबलेली गटारे यांकडे देशाचे लक्ष वेधले गेले ते बातम्यांमुळेच. पुढे १९९५ पासून महापालिकेने शहराची जी साफसफाई केली, तिच्यामागे या टीकेचाही रेटा होता. सरकारी यंत्रणा माहिती दडवते तेव्हा अफवा वाढतात. त्यामुळे बातमी हवीच, पण ती पुरी हवी.

आता छापील पानाआधी मोबाईलवर मजकूर येतो. २०२० च्या आरंभी कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो ही अफवा अशीच पसरली आणि कुक्कुटपालन करणाऱ्यांचे मोठे नुकसान झाले.

शिक्षकांनी वर्गात आजाराची कोणतीही बातमी घेऊन मुलांना चार प्रश्न विचारावेत. आकडा संशयितांचा की सिद्ध झालेल्यांचा? तो कोणी दिला? आजार पसरतो कसा? वाचणाऱ्याने काय करावे आणि काय करू नये? ज्या प्रश्नाचे उत्तर बातमीत नसेल, ते जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारण्याचे काम मुलांवरच सोपवावे. घरी परतल्यावर ते उत्तर आईवडिलांपर्यंतही पोचते.