घराण्याचे नाव आणि स्त्री : ऐतिहासिक व्यूहरचनेच्या संगणकीय खेळांतील आडनावाचा प्रश्न

२०१२ च्या 'क्रुसेडर किंग्ज २' या संगणकीय खेळात व्यक्तीचे घराणे जन्माने ठरते. विवाहानंतरही स्त्री माहेरच्या घराण्यातच गणली जाते. २०१४ मधील 'राजाज ऑफ इंडिया' या जोडभागाने ही चौकट भारतीय राजकुलांपर्यंत आणली. रोमानोव्ह-रोमानोव्हा यांसारख्या आडनावांना दोन रूपे पुरवली, की लिंगाचा प्रश्न सुटला असे अशा खेळांबाबत मानले जाते. मराठीपुरते हे गृहीतक टिकत नाही.

'होळकर' हे रूप मल्हारराव आणि अहिल्याबाई या दोघांनाही एकच. स्त्रीत्व येते ते 'बाई'तून आणि क्रियापदातून. 'होळकर विजयी झाले' हे साचेबंद वाक्य घराण्याला शोभते, अहिल्याबाईंना नव्हे. 'ईण' प्रत्यय जोडावा, तर अडचण अधिकच गहिरी होते. नायगाव-देगलूरकडेच काय, सर्वत्रच पाटलीण म्हणजे पाटलाची पत्नी. पाटलाच्या लेकीला ते रूप लागत नाही. म्हणजे रोमानोव्हा ही कन्याही असू शकते, पाटलीण मात्र विवाहानेच घडते.

'क्रुसेडर किंग्ज'चा काळ १४५३ पर्यंतचा. तरीही त्याचा नियम जिजाबाईंना लावून पाहणे उद्बोधक ठरते. खेळाच्या हिशेबी त्या 'जाधव', रूढ मराठी लेखनात 'भोसले'. १६२९ मध्ये निजामशाही दरबारात, दौलताबादेस, लखुजी जाधवरावांची हत्या झाली, तेव्हा विवाहित जिजाबाईंचे माहेरच उद्ध्वस्त झाले. हा आघात 'भोसले' या एका शब्दात दिसत नाही. परदेशी खेळाचा कोरडा नियम येथे आपल्या आडनावाच्या रूढीपेक्षा इतिहासाला अधिक जवळचा आहे. मराठी रूपांतरकाराने तो बदलू नये. साचेबंद वाक्यांतील क्रियापदे मात्र अवश्य बदलावीत.