उघडी होती, राहिली की ठेवली? : ‘गॉल’च्या दोन चौकश्या

चौकशी-अहवालाला साहित्य म्हणावे की नाही, हा वाद मी येथे उकरून काढीत नाही. पण एखादे जहाज आपल्या सर्व साक्षीदारांसह समुद्राच्या तळाशी जाते, तेव्हा त्याची कथा सांगण्याचा अधिकार बहुधा अहवालाकडेच येतो. जे पाहिले नाही ते सांगायचे, जे बोलू शकत नाहीत त्यांच्याविषयी निर्णय द्यायचा, आणि हे सारे अशा भाषेत लिहायचे की लिहिणाऱ्याचा हात कोठे दिसू नये! ही भाषा कादंबरीच्या भाषेइतक्याच बारकाईने वाचली पाहिजे. इंग्लंडमधील हल बंदराचा ‘गॉल’ हा ट्रॉलर १९७४ साली बुडाला. त्याची एक चौकशी त्याच वर्षी झाली आणि दुसरी तीस वर्षांनंतर. घटना एकच, पण दोन्ही निवेदने इतकी भिन्न आहेत की ती शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचा मोह आवरत नाही.

‘गॉल’ म्हणजे जुनाट, खिळखिळे गलबत नव्हे. १९७२ मध्ये बांधलेले, सुमारे ६६ मीटर लांबीचे, पकडलेली मासळी पोटातल्या कारखान्यातच साफ करून गोठवणारे हे त्या काळचे अद्ययावत जहाज. २२ जानेवारी १९७४ रोजी ते ३६ माणसांसह हलहून निघाले. ८ फेब्रुवारीच्या सकाळी ते नॉर्वेच्या नॉर्थ केपच्या उत्तरेस, बॅरेन्ट्स समुद्रात होते. वादळ घोंघावत होते, मासेमारी बंद होती, आणि लाटांना तोंड देत जहाज संथपणे जागा धरून होते. त्या सकाळी जहाजावरून दोन घरगुती तारा पाठविल्या गेल्या. त्यानंतर काहीही आले नाही. धोक्याचा इशारासुद्धा नाही. पुढचे दोन दिवस नेहमीचा संदेश आला नाही, तरी शोध सुरू व्हायला ११ तारीख उजाडली. विमानवाहू ‘हर्मिस’सह जहाजे आणि विमाने धुंडत राहिली, पण हाती काहीच लागले नाही. १५ तारखेला शोध थांबला. मे महिन्यात एका नॉर्वेजियन जहाजाला ‘गॉल’चे एक बचावकडे तरंगताना मिळाले. एवढाच पुरावा!

या दिरंगाईचा सल हलमध्ये अधिक खोल गेला, त्याला कारण आहे. १९६८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत याच बंदराचे तीन ट्रॉलर एकामागोमाग बुडाले होते आणि ५८ माणसे गेली होती. वाचला तो एकटाच. त्यांपैकी एका जहाजावर रेडिओ-ऑपरेटरच नव्हता. त्या वेळी हेसल रोडवरच्या बायका लिलियन बिलोका यांच्या मागे उभ्या राहिल्या, सह्या गोळा केल्या, लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटल्या आणि सुरक्षिततेचे नियम पदरात पाडून घेतले. ज्या वस्तीत नवरा समुद्रावर निघाला त्या दिवशी कपडे धुणे अशुभ मानीत (धुण्याबरोबर माणूसही वाहून जाईल ही भीती), त्या वस्तीने नशिबाला दोष देण्याऐवजी मालकांना जाब विचारला, हे मला फार मोलाचे वाटते. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, रेडिओ असलेले, नवेकोरे जहाज नाहीसे झाले होते.

१९७४ च्या चौकशीचा निष्कर्ष एका वाक्यात मावतो : लागोपाठ आलेल्या प्रचंड लाटांच्या माऱ्याने जहाज कलंडले व बुडाले. निवेदन म्हणून या वाक्याकडे पाहा. त्यात लाटा हा कर्ता आहे. बाकी कोणी काही केल्याचा मागमूस नाही. असे वाक्य ऐकणाऱ्याला क्षणभर दिलासा देते. समुद्रावर कोण खटला भरणार? आपल्याकडेही ‘देवाची करणी’ म्हणून एखादी गोष्ट मिटवण्याची रीत आहे, आणि एक धर्मगुरू म्हणून मला ती नेहमीच संशयास्पद वाटत आली आहे. माणसांचा हिशेब तपासण्याआधीच देवाच्या नावावर खर्च टाकणे ही श्रद्धा नव्हे, सोय आहे.

शिवाय ते वाक्य पुरेसे खरेही नव्हते. पुढे नॅशनल मेरिटाइम इन्स्टिट्यूटमध्ये जहाजाची प्रतिकृती करून कृत्रिम लाटांवर प्रयोग झाले. एवढे स्थिर जहाज निव्वळ लाटांनी उलथण्याची शक्यता कमी आहे. आत, कारखान्याच्या डेकवर पाणी शिरले असेल तर मात्र चित्र पालटते, असा त्या प्रयोगांचा रोख होता. म्हणजे दुसऱ्या अहवालाचे बीज सत्तरीच्या दशकातच पडले होते. त्याला माती मिळायला मात्र पाव शतक लागले.

मधल्या काळात लोकांनी आपली स्वतःची कथा रचली. ‘गॉल’ हेरगिरी करीत होते. रशियनांनी ते पकडून नेले. पाणबुडीने ओढून बुडविले. माणसे कोठेतरी जिवंत आहेत. सुशिक्षित वाचक अशा कथांना हसतो. मला हसवत नाही. एक तर त्या निराधार नव्हत्या : शीतयुद्धाच्या काळात ब्रिटिश ट्रॉलर्सचा टेहळणीसाठी उपयोग केला जात असे, हे सरकारला नंतर मान्य करावे लागले. आणि जहाज शोधा ही नातेवाइकांची मागणी वर्षानुवर्षे धुडकावली गेली. जेथे अधिकृत कथा अपुरी असते तेथे अफवा तिची पाने भरून काढते. कथानकाच्या दृष्टीने पाहिले तर अफवेत एक गुण असा होता जो १९७४ च्या निष्कर्षात मुळीच नव्हता. तिच्यात माणसे होती. कोणीतरी काहीतरी केले होते. पुत्र बंदिवान आहे असे मानणाऱ्या आईला तो बुडाला असे मानणाऱ्या आईपेक्षा अधिक काळ दार उघडे ठेवता येते. ही आशा क्रूर असते, पण तिची क्रूरता आईच्या माथी मारता येत नाही.

शेवटी १९९७ मध्ये जहाज शोधले ते दूरदर्शनवरील माहितीपट बनविणाऱ्यांनी. सुमारे २८० मीटर खोलीवर, शेवटच्या ज्ञात ठिकाणापासून फारसे दूर नाही! सरकारची इतक्या वर्षांची असमर्थता अशी एका चित्रफितीत उघडी पडली. मग पावले भराभर पडली. सागरी अपघात अन्वेषण शाखेने १९९८ मध्ये पाणबुडी कॅमेऱ्यांनी पाहणी केली, २००२ मध्ये पुन्हा केली, आणि दुसऱ्या खेपेस जहाजात मानवी अवशेष मिळाले. नातलगांच्या डी.एन.ए.शी ताडून चौघांची ओळख पटली.

येथे मला जॉन मिलिंग्टन सिंग यांच्या ‘रायडर्स टू द सी’ या १९०४ च्या एकांकिकेची आठवण अटळपणे होते. आयर्लंडच्या पश्चिमेच्या अरन बेटावरील मोर्या या वृद्धेचे पुरुष एकेक करून समुद्राने गिळले आहेत. दूरच्या किनाऱ्यावर सापडलेल्या प्रेताचे कपडे घरी येतात, आणि बहिणी पायमोज्याचे टाके मोजून तो आपला भाऊच असल्याचे ओळखतात, कारण विणताना किती टाके सुटले होते हे विणणारीच्या बोटांना ठाऊक आहे. टाके मोजणे आणि डी.एन.ए. तपासणे यांत शंभर वर्षांचे विज्ञान आहे. गरज तीच आहे. पाचूबंदर-उत्तनच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. प्रेताविना मिस्सा अर्पण करताना पहिल्या बाकावरचे घर ज्या नजरेने वेदीकडे पाहते, ती नजर मी विसरू शकत नाही. कबरीवर ठेवायला फुले असतात, कबर नसते.

त्या नाटकात एक तरुण धर्मगुरूही आहे. तो रंगमंचावर येत नाही. देव म्हातारीला पुत्रहीन करणार नाही, असा त्याचा दिलासा तेवढा इतरांच्या तोंडून कळतो. शेवटचा मुलगाही जातो. त्या पोराला समुद्र काय कळणार, असा मोर्याचा अभिप्राय आहे. सेमिनरीत हे नाटक मी वाचले तेव्हा या शेऱ्याचा मला राग आला होता. आता येत नाही. असो.

दुसरी चौकशी जानेवारी २००४ मध्ये हलमध्येच सुरू झाली आणि न्यायमूर्ती डेव्हिड स्टील यांचा अहवाल त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रसिद्ध झाला. पहिल्या निष्कर्षाच्या तुलनेत हे निवेदन कितीतरी प्रौढ आहे. पाणबुडी, हेरगिरी, केबलमध्ये अडकणे अशा शक्यता तो उडवून लावीत नाही. एकेक तपासून बाजूला ठेवतो. आणि मग तो एका क्षुल्लक वस्तूपाशी थांबतो. मासळीची आतडी आणि टाकाऊ मासे समुद्रात लोटण्यासाठी कारखान्याच्या डेकच्या उजव्या कुशीत दोन मोऱ्या होत्या. प्रत्येकीला बाहेरून पाण्याच्या दाबाने मिटणारी झडप आणि आतून झाकण. तळाशी पडलेल्या जहाजात झडपा आणि झाकणे दोन्ही उघडी आढळली. त्या मोऱ्यांतून समुद्र आत आला, असा अहवालाचा निर्णय आहे. रुंद, मोकळ्या डेकवर आलेले पाणी एका जागी राहत नाही. जहाज ज्या बाजूला कलते त्या बाजूला ते धावते आणि कल आणखी वाढवते. घरातल्या परातीत पाणी घालून दोन्ही हातांनी उचलली तर याचा अनुभव कोणालाही येईल. सुमारे शंभर टन पाणी, वादळ, कलंडलेले जहाज सावरण्याची धडपड, मग इतर दारांतून शिरणारे आणखी पाणी. इशारा द्यायला वेळ का मिळाला नाही, हे अशा वेळी वेगळे सांगावे लागत नाही.

कार्यकारणाची ही साखळी मला पटते. ज्यांना ती अजूनही पटत नाही त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे, सहमती नाही. पण माझा आक्षेप दुसरीकडे आहे. पहिल्या कथेत माणूस नव्हता. दुसऱ्या कथेत तो परत आला, परंतु नेमका बुडालेला माणूस. झाकणे मिटलेली नव्हती, याचा अर्थ ती कोणीतरी मिटली नाहीत, असा घेतला गेला. कित्येक कुटुंबांना तसेच वाटले आणि ती दुखावली. तीस वर्षे उत्तराची वाट पाहिली आणि उत्तर आले ते आपल्याच माणसाकडे बोट दाखवीत!

आपल्या मराठीत येथे तीन क्रियापदे आहेत. झाकणे उघडी होती : ही कॅमेऱ्याची साक्ष, आणि ती निर्विवाद आहे. झाकणे उघडी राहिली : यात हलगर्जी असेल, थकवा असेल, अठरा-अठरा तास मासळी कापून बधिर झालेली बोटे असतील, किंवा हवामान बिघडल्यावर मोरी बंद करायची असते हे कोणी कधी नीट सांगितलेलेच नसेल. झाकणे उघडी ठेवली : हा आरोप झाला. एका क्रियापदावरून दुसऱ्यावर जाताना पुरावा मागे राहतो आणि निवेदकाची वृत्ती पुढे जाते. शिवाय बाहेरच्या झडपेचे काय? माणूस विसरेल हे गृहीत धरूनच तर ती बसवलेली असते. ती मिटली नाही याचा जाब आराखडा काढणाऱ्याला, जहाज तपासून प्रमाणपत्र देणाऱ्याला आणि ते चालविणाऱ्या मालकाला आधी विचारायला हवा, आणि मगच कारखान्यातल्या त्या खलाशाला. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हांला घोकून घेतले जाई की कृती, जाणीव आणि इच्छा या तीन्हींचा विचार केल्याशिवाय दोष ठरत नाही. अहवालाला त्यांपैकी एकच दिसू शकत होती, आणि तीही २८० मीटर पाण्यातून.

याच कारणाने मला अहवालापेक्षा हलच्या त्या बायकांचे वाचन अधिक काटेकोर वाटते. १९६८ मध्ये त्यांनी लाटांबद्दल तक्रार केली नव्हती. जहाजावर रेडिओ-ऑपरेटर का नाही, एवढेच त्यांनी विचारले होते.