शेपर घरी आणावा का?

भुसावळात रिटायर झालेल्या माणसांचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारातला माणूस रोज संध्याकाळी स्टेशनावर फिरायला जातो आणि कुठली गाडी किती लेट आहे हे घरी येऊन सांगतो. दुसऱ्या प्रकारातला माणूस घरामागे पत्र्याची शेड टाकतो. त्याला तरी दोष कसा द्यायचा? गावात रेल्वे, गावाला लागून 1949 सालची ऑर्डनन्स फॅक्टरी, पुढे वरणगावला 1964 सालची दुसरी, आणि दीपनगरचं वीजकेंद्र. जन्मभर मशिनं चालवलेले हात एकदम पेपर चाळायला कसे तयार होतील? शेडमध्ये आधी वाईस येतो, मग ग्राइंडर, आणि फंडाची रक्कम मिळाली की जुना लेथ. इथवर घरातली माणसं सोसतात. खरा पेच पडतो तो ‘आता एक शेपर आला की झालं’ या वाक्यापाशी.

ज्यांनी शेपर पाहिलेला नाही, त्यांनी सुताराचा रंधा डोळ्यांसमोर आणावा. शेपर म्हणजे लोखंडाचा रंधा, मोटरवर चालणारा. रॅम नावाचं एक जाडजूड धूड मागे-पुढे सरकतं. त्याच्या तोंडाशी एकच टूल. पुढे जाताना ते लोखंडाचा कीस काढतं. मागे येताना बिजागरीवर किंचित उचललं जातं, आणि तेवढ्यात टेबल केसभर बाजूला सरकतं. परतीचा फेरा बिनकामाचा, म्हणून आतल्या यंत्रणेत तो लवकर उरकण्याची सोय असते. ऑफिसात जाणारा माणूस आणि ऑफिसातून सुटलेला माणूस यांच्या चालीत जो फरक असतो, तोच.

या मशीनचे जनक जेम्स नॅस्मिथ. स्कॉटलंडचे इंजिनिअर. 1836 साली त्यांनी शेपर केला. पुढे वाफेचा घणही केला, आणि 1856 साली, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, कारखाना सोडून रिटायर झाले आणि दुर्बिणीतून चंद्र बघत बसले. ही माहिती मी आमच्या शेजारच्या काकूंना सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “बघा! ज्यानं काढला तोही म्हातारपणी चंद्र बघतो. आणि आमच्या ह्यांना शेपर पाहिजे.” त्यांचे ‘हे’ म्हणजे रेल्वेतले रिटायर्ड फिटर. पैसे एकदाच मिळालेले आहेत आणि काकूंचे दोन्ही गुडघे ऑपरेशनच्या यादीत आहेत. तेव्हा हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. फिर्यादीची बाजू आधी ऐकू.

शेपर सावकाश चालतो. शंभर मिलिमीटर रुंदीचा तुकडा घ्या. दर फेऱ्याला पाव मिलिमीटर सरक धरली तर चारशे फेरे होतात. मिनिटाला चाळीस फेरे मारले तरी दहा मिनिटं गेली, आणि हा फक्त पहिला हात. मिलिंग मशीनच्या कटरला अनेक दात असतात, ते एवढ्या वेळात काम संपवून चहाला जातं. शिवाय अठरा इंची शेपर टनाच्या आसपास भरतो. त्याला खाली काँक्रीट लागतं. मागे भिंत जवळ असेल तर रॅम परतताना शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात डोकावण्याचा संभव असतो. आणि फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर असेल तर पुढचं वाचू नका.

आता बचावाची बाजू. मिलिंगचा कटर महाग असतो. तो बोथट झाला की धार लावायला वेगळं मशीन लागतं. शेपरला हाय स्पीड स्टीलचा बोटभर तुकडा पुरतो, आणि त्याला घरच्या ग्राइंडरवर हवा तो आकार देता येतो. सपाट, कोनातला, गोल खाचेचा, जसं टूल तसं काम. दुसरं म्हणजे, केळीच्या मळ्यातल्या पंपाचं कपलिंग किंवा पिठाच्या गिरणीची पुली आली, आणि तिच्या भोकाच्या आत चावीची खाच पाडायची झाली, तर मिलिंगचा फिरता कटर आत शिरतच नाही. शेपरच्या रॅमला लांब दांडा लावून त्याच्या टोकाशी टूल बसवलं की खाच पडते. कारखान्यात यासाठी स्लॉटर असतो. घरात कोण आणतो?

घरगुती शेपर ही काही भुसावळची सनक नव्हे. इंग्लंडात ॲडेप्टचे हाताने ओढायचे छोटे शेपर होते. अमेरिकेत ॲटलास आणि साउथ बेंड यांनी सात इंची शेपर काढले. तिथल्याच डेव्हिड जिंजरी नावाच्या गृहस्थांनी तर कोळशाच्या भट्टीत भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून घरीच शेपर कसा ओतावा यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांच्या घरच्या काकू काय म्हणाल्या, ते पुस्तकात असायला हवं होतं.

मी काकांना मिलिंगचा हिशेब सांगून पाहिला. “अर्ध्या वेळात काम होतं, काका.”

“अर्धा वेळ वाचवून करू काय भो? स्टेशनावर जाऊ?”

सगळा मुद्दा इथेच आहे. वेळ वाचवणं हा कारखान्याचा धर्म. म्हणून तर कारखान्यांतून शेपर निघाले आणि भंगारवाल्याकडे वजनावर विकले जाऊ लागले. ज्याला ग्राहकाला तारीख द्यायची आहे त्याने शेपरच्या वाटेला जाऊ नये. पण ज्याच्याजवळ वेळ ढीगभर आणि पैसा बेताचा, त्याच्यासाठी शेपरचा दोष हाच गुण ठरतो. टूलला धार कशी दिली की लोखंड कसं बोलतं, हे या मशीनइतकं सावकाश आणि सोपं करून कोणी सांगत नाही. शेजारचा आयटीआयचा पोरगा बाजूला उभा राहिला तर दोघांचाही दिवस सत्कारणी लागतो. फक्त बाजूलाच उभा राहावा, समोर गरम कीस उडतो.

तेव्हा निकाल असा. लेथ नसेल तर आधी लेथ. तळमजला, काँक्रीट आणि रॅममागे मोकळी जागा असेल तरच शेपर. तोही भंगाराच्या भावात, रॅमच्या सरकपट्ट्या आणि आतला मोठा गिअर हाताने तपासून. पैसे मिळवून देईल या आशेने मुळीच नाही.

आणि आधी गुडघे. शेपर जवळजवळ दोनशे वर्षं टिकत आला आहे, तो आणखी सहा महिने थांबेल.