‘साठात छप्पन्नावा’: आकडा खरा, निष्कर्ष घाईचा

पुण्याचा व्यावसायिक गोल्फपटू उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला ६० जणांत ५६वा आला. तीही जागा अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रियोने माघार घेतल्यावर मिळालेली. झालं! ‘नशिबाने गेला, मागे राहिला’ असं म्हणून कारकीर्द एका ओळीत आटोपता येते. संशोधनाच्या नजरेने बघाल तर या ओळीत दोन चुका आहेत.

पहिली नमुन्याची. ऑलिंपिकचे ६० म्हणजे जगातले पहिले ६० नव्हेत. एका देशाचे सहसा दोनच खेळाडू घेतात. पहिल्या १५ मध्ये असतील तर चारपर्यंत. त्यामुळे यादी क्रमवारीत बरीच खाली उतरते. ग्रियोची माघार हा योगायोग, पण राखीव रांगेत पुढे असणं ही मानेची कमाई.

दुसरी मोजमापाची. जागतिक क्रमवारीत दोन वर्षांची कामगिरी धरतात, जुने गुण घटत जातात आणि तगड्या स्पर्धेला जास्त गुण मिळतात. मानेने भारतीय दौऱ्यावर अनेक स्पर्धा जिंकल्या, पण तिथे गुणच थोडे. म्हणजे हा आकडा ‘कसा खेळला’ आणि ‘कुठे खेळायला मिळालं’ हे दोन्ही एकत्र मोजतो.

कौतुक करणारेही मग ‘नव्या पिढीला प्रेरणा’ लिहून मोकळे होतात. हे गृहीतक आहे, निष्कर्ष नाही. तपासायचं तर कर्जत-खालापूरला तपासा. हा पट्टा मुंबई-पुण्याच्या मध्ये. एका बाजूला चेंबूरचा १९२७चा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, दुसऱ्या बाजूला येरवड्याचं पूना क्लबचं मैदान. इथल्या जिल्हा परिषद शाळेतल्या पोराला मानेचं नाव ठाऊक असणं वेगळं आणि त्या मैदानावर सरावाला पोचता येणं वेगळं. १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर आधी कॅडी होता; कामाच्या वाटेनेच तो खेळात शिरला. कर्जतच्या पोराला कोणती वाट आहे? प्रवासखर्च, सदस्यत्व, किट, प्रशिक्षक, सगळं मोजता येतं.

वाटच नसेल तर ते अपयश मानेच्या खात्यावर टाकू नका. वारसा एकटा खेळाडू घडवत नाही. तुमच्या प्रस्तावात ‘प्रभाव’ हा शब्द लिहिण्याआधी तीन गोष्टी ठरवा: कोणावर, कोणत्या वाटेने, आणि मोजणार कशाने?